पुंडलिकाची वीट आणि रुग्णाचे स्नान

(आषाढी एकादशीच्या निरूपणावरून)



आज आषाढी एकादशी. बाहेर आपल्या बेळगावचा पाऊस लागून राहिला आहे, आणि आत सभामंडपात समईच्या मंद प्रकाशात आपण सारे एकत्र बसलो आहो. पहाटे देवाची महापूजा झाली. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांनी पंचामृतस्नान झाले. मग कोमट पाण्याने शुद्धस्नान झाले. पुजाऱ्यांनी मऊ वस्त्राने श्रींचे अंग हलक्या हाताने टिपले, नवे वस्त्र नेसविले, गंध लाविले. तो सोहळा पाहून आपणा सर्वांचे अंतःकरण निवले. त्याच स्नानाचा धागा धरून आज चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

पंढरीचा देव विटेवर उभा का, हे आपल्यातील लहान मूलही सांगेल. परंतु त्या कथेचा पूर्वभाग आपण अनेकदा घाईने ओलांडून जातो. पुंडलीक आरंभी मातृपितृभक्त नव्हता. वृद्ध आईबापांना त्याने नाना प्रकारे क्लेश दिले. काशीयात्रेच्या वाटेवर तो कुक्कुट ऋषींच्या आश्रमात उतरला, तेव्हा उत्तररात्री त्याला एक नवल दिसले. मळकट वस्त्रांच्या, काळवंडलेल्या अशा काही स्त्रिया आश्रमात आल्या. त्यांनी झाडलोट केली, सडासंमार्जन केले, पाणी भरले. आणि परत निघाल्या तेव्हा त्या तेजःपुंज झाल्या होत्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती होत्या. लोकांनी धुतलेल्या पापांचा मळ त्यांच्या अंगी साचे, आणि कुक्कुट ऋषी आईबापांची सेवा करीत असल्यामुळे त्यांच्या अंगणात राबून त्यांचा तो मळ फिटे. जिच्यात न्हाऊन जग शुद्ध होते, ती गंगा स्वतः शुद्ध होण्यासाठी सेवा चालणाऱ्या घरी येते, हे या कथेचे मर्म आहे.

ते जाणून पुंडलीक पालटला. पुढे भगवंत दाराशी आले तेव्हा तो आईबापांच्या सेवेत गुंतला होता. तो उठला नाही. हाताशी असलेली वीट त्याने मागे सरकविली आणि देवाला थांबण्यास सांगितले. देव रागावला नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि अजून उभा आहे.

असो. आता आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हांस लाज वाटते. परंतु देवासमोर बसून लपविणे बरे नव्हे.

आपल्या मंदिरात तीस वर्षे एक गृहस्थ पहाटे येऊन गंध उगाळीत, देवाच्या स्नानाचे पाणी तापवीत, उपकरणी लख्ख घाशीत. त्यांचे नाव येथे घेत नाही. आपणांस ते ठाऊक आहे. अर्धांगवायूने ते अंथरुणास खिळले. आठ महिने ते पडून होते. या आठ महिन्यांत आम्ही मंदिराच्या वतीने अनेकदा त्यांच्या घरी गेलो. प्रसाद नेला, तीर्थ नेले, खुर्चीवर बसलो, ‘कसे काय आहे’ म्हणून विचारले, चहा घेतला आणि परत आलो. यांना आंघोळ कोण घालते, कूस कोण बदलते, खालची चादर कोण काढते, हे आम्ही एकदाही विचारले नाही. एके दिवशी डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळविले तेव्हा माकडहाडापाशी हाडापर्यंत गेलेली जखम दिसली. सत्तरीच्या पत्नीला एकटीने त्यांना वळविता येत नसे. सकाळी दूधवाला आला की त्याला आत बोलावून ती दिवसातून तेवढी एकदा कूस बदलवी.

ते गेल्यावर आम्ही भेटावयास गेलो. ती माउली रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘देवाला रोज न्हाऊ घालीत होते हे. ह्यांना न्हाऊ घालायला माझेच दोन हात, ते पुरेनात.’

त्याच वर्षी आम्ही श्रींसाठी चांदीचे नवे अभिषेकपात्र घडवून घेतले होते.

बंधुभगिनींनो, अभिषेकपात्र घडविले याचा आम्हांस खेद नाही. खेद आहे तो याचा, की देवाच्या स्नानाची उपकरणी आम्हांस एकेक नावानिशी ठाऊक होती, आणि देवाच्या भक्ताच्या स्नानाला काय लागते, हे ठाऊक नव्हते. ते अज्ञान आम्ही त्यानंतर दूर केले. परिचारिकांना विचारले, पाहिले, स्वतः करून पाहिले. जे कळले ते आज आपणांपुढे ठेवितो.

आपल्या पूर्वजांनी हा विषय हलका मानला नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. नुसती माया पुरत नाही, हे यावरून ध्यानी घ्यावे. त्या माउलीपाशी अनुराग होता, शुचिता होती. ज्ञान आणि साहाय्य आपण पोहोचवावयाचे होते. पाश्चात्त्य देशांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही अंथरुणातील जखमांचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, असे स्पष्ट बजाविले आहे. आज वैद्यक इतके सांगते की काही अतिशय क्षीण रुग्णांत सर्व काळजी घेऊनही जखम होते. परंतु पुष्कळ जखमा टाळता येतात.

आता प्रत्यक्ष विधी ऐका. पूजेपूर्वी आपण साहित्याची मांडणी करतो, तद्वत् येथेही करावी. दोन तसराळी, एक साबणाच्या पाण्याचे व एक स्वच्छ पाण्याचे, घाण पाण्यासाठी बादली, मऊ कापडाचे निदान तीन वेगळे तुकडे, एक तोंडासाठी, एक अंगासाठी व एक गुह्यांगासाठी, कोरडे टॉवेल, सौम्य साबण, धुतलेले कपडे आणि अंगावर पांघरावयास एक हलकी चादर. गादीवर रबरी कापड घालावे, पण ते कातडीला कधीही लागू देऊ नये. त्यावर सुती चादर आडवी घालून तिची टोके गादीखाली घट्ट खोचावी. एक सुरकुती किंवा भाकरीचा एक कण हा निरोगी माणसाला काही नव्हे. पण ज्याला हलता येत नाही, त्याच्या पाठीखाली तो दिवसभर टोचतो.

खिडक्या लावून वारा बंद करावा. पाणी कोमट असावे व ते आपल्या कोपराने पाहावे. अर्धांगवायूच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला चटका कळत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत आपणच दुप्पट सावध असावे. आरंभ डोळ्यांपासून करावा, साबणाविना, नाकाकडील कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूस. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, त्यानंतर पाठ आणि सर्वांत शेवटी गुह्यांग, पाणी व कापड बदलून. स्त्रियांच्या बाबतीत पुढून मागे पुसावे. ज्या अवयवाचे काम चालू असेल तेवढाच उघडा ठेवावा. बाकीचे अंग झाकलेले असावे. आपण देवाच्या स्नानाच्या वेळी पडदा ओढतो. माणसाच्या लज्जेलाही तोच मान आहे. काखा, मांड्यांचे सांधे, स्तनाखालची व पोटाची घडी, पायांच्या बोटांमधील जागा टिपून कोरड्या कराव्या. खसाखसा घासू नये.

केस धुण्यासाठी हवा भरून फुगविण्याचे पसरट भांडे मिळते. ते नसेल तर टॉवेलची गुंडाळी अर्धचंद्राकार करून तिच्यावर प्लॅस्टिकचे कापड घालावे व त्याचे टोक पन्हळीसारखे बादलीत सोडावे. ज्याला बसविता येते त्याच्यासाठी चाकांची, मध्ये भोक असलेली खुर्ची उत्तम. मात्र रुग्णाला उचलण्यापूर्वी तिचे ब्रेक लावलेले आहेत ना, हे पाहावे. बेडपॅन देताना ते कोरडे असावे व थंडगार नसावे. रुग्णाला गुडघे दुमडून कंबर उचलावयास सांगावे, ते न जमल्यास कुशीवर वळवून बेडपॅन लावावे व परत उताणे करावे. ते खालून ओढून काढू नये, कातडी सोलते. त्याच कारणाने रुग्णाला गादीवर ओढून वर सरकवू नये. दोघांनी दोन बाजूंनी आडवी चादर धरून उचलावे.

साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी. डोक्याची मागची बाजू, खांदे, कोपरे, माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा ही दाबाची ठिकाणे रोज स्नानाच्या वेळी डोळ्यांनी पाहावी. तांबूस डाग दिसला तर बोटाने दाबावे; दाबल्यावर तो फिका पडत नसेल तर जखमेचा आरंभ झाला असे समजून डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या वर्णावर तांबूसपणा दिसत नाही. तेथे आसपासच्या कातडीहून ती जागा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे. पूर्वी अशा जागी स्पिरिट व पावडर चोळण्याची आणि खाली रबरी कडे ठेवण्याची चाल होती. ती आता सोडावी. चोळण्याने आतील मांस दुखावते, आणि कड्याच्या काठाने भोवतालचा रक्तप्रवाह अडतो. विजेच्या पंपावर चालणारी, आळीपाळीने फुगणारी हवेची गादी फार उपयोगी आहे. परंतु ती घातली म्हणजे कूस बदलण्यातून सुटका झाली असे नव्हे.

येथे कोणी शंका घेईल की, हे दवाखान्याचे बोलणे देवळात कशाला? सोवळ्याच्या माणसाने मलमूत्राला हात कसा लावावा? त्याचे समाधान असे. विनयपिटकातील महावग्गात एक कथा आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले. पाणी स्वतः बुद्धांनी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्षूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी. आपल्या जवळच्या काळातले उदाहरण हवे असेल तर सेवाग्रामचे घ्या. संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने पीडित होऊन आश्रमात आले, तेव्हा महात्मा गांधी १९४०च्या सुमारास स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळून देत. शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेचा तो आदर होताच. पण त्या हातांनी व्याधिग्रस्त देहाचाही आदर केला. सोवळे हे मन स्वच्छ राहावे म्हणून आहे. ज्या सोवळ्याने आईच्या अंथरुणापासून मुलगा दूर राहतो, ते सोवळे नव्हे. ती पळवाट होय. साबणाने हात धुतले की हात शुद्ध होतात. न केलेल्या सेवेचा मळ मात्र कोणत्याही साबणाने जात नाही.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींना उद्देशून सांगतो. घरातील रुग्णाची सेवा ही सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला आपोआप येते, आणि आपण औषधाचे बिल दिले की कर्तव्य झाले असे मानतो. पुंडलीक हा पुत्र होता, हे विसरू नका. कथेत त्याने कोणा दुसऱ्याला सेवेस बसवून स्वतः देवाच्या स्वागताला धाव घेतलेली नाही. रात्रीची एक कूस बदलणे तुम्ही आपल्याकडे घ्या. सेवा करणाऱ्या त्या बाईला एक अखंड झोप मिळाली, तरी ते पुण्य लहान नव्हे. आणि जो अंथरुणावर आहे त्याचाही विचार करा. दुसऱ्याच्या हाताने स्वतःचे अंग धुवून घेणे सोपे नसते. म्हणून प्रत्येक वेळी त्याला आधी सांगावे, ‘आता डावा हात पुसतो, आता कुशीवर वळवितो.’ तो बोलू शकत नसला तरी सांगावे. त्याला ऐकू येत असते.

आता आमची विनंती. सभामंडपाच्या उजव्या अंगाची कोठी रिकामी आहे. तेथे मंदिराच्या वतीने रुग्णसाहित्य ठेवावे, असा ठराव आम्ही वार्षिक सभेपुढे मांडणार आहो. दोन हवेच्या गाद्या, दोन चाकांच्या खुर्च्या, शौचाच्या खुर्च्या, बेडपॅन, रबरी कापडे, केस धुण्याची भांडी, एवढ्याने आरंभ होईल. अल्प अनामत घेऊन वस्तू घरी द्यावी, परत आल्यावर जंतुनाशकाने धुवून वाळवून ठेवावी, वहीत नोंद करावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ज्या घरी चादरी वाळत नाहीत त्यांच्यासाठी जुन्या, मऊ, धुतलेल्या सुती चादरी जमवाव्या. चांदीच्या प्रभावळीसाठी आपण जो निधी जमवीत आहो त्यातील अर्धा या कामी वळवावा, असे आमचे मत आहे. प्रभावळ दोन वर्षे उशिरा होईल. देवाला थांबण्याची सवय आहे.

परंतु साहित्य हे पाऊण काम नव्हे, पाव काम आहे. खरी उणीव हातांची आहे. म्हणून या वहीच्या शेजारी दुसरी एक वही राहील. ज्याला आठवड्यातून एक तास कोणाच्या घरी कूस बदलावयास, स्नान घालावयास जाता येईल, त्याने तीत नाव लिहावे. कसे करावयाचे ते शिकविण्यास आपल्याच सदस्यांपैकी दोन परिचारिका भगिनी तयार आहेत. पहिली नावे आम्ही कार्यकारी मंडळींनी लिहिली आहेत. हा आमचा मोठेपणा नव्हे. हे आमचे प्रायश्चित्त आहे.

आज घरी जाताना तीर्थप्रसाद घ्या. आणि आपल्या गल्लीत जर कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर त्या घरी क्षणभर थांबा. ‘कसे काय आहे’ असे विचारू नका. ‘यांना वळवावयाला हात हवा का?’ असे विचारा. त्या कामात आरतीला यावयास उशीर झाला, तर विटेवरचा तो सावळा उभा आहेच.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥