टॉवेल घेताना अक्कल कुठं होती?

उभा राहा. मान वर कर. गळ्यावर गजकर्ण उठलंय आणि मला सांगतोस, "सर, टॉवेल नवाच आहे." नवा असून काय उपयोग? तो पाणी ओढत नाही, अंगावरून नुसता सरकतो. मग ओल्या अंगावर शर्ट चढवून क्लासला पळायचं, ओला बोळा खाटेवर फेकायचा आणि संध्याकाळी तोच टॉवेल रूममधल्या दुसऱ्यानं वापरायचा. गजकर्ण पसरणार नाही तर काय होईल?

घेताना काय पाहिलंस? मऊ लागला, वाघाचं चित्र आवडलं! लेबल वाचलंस? पॉलिस्टर लिहिलंय त्यावर. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यातले हायड्रॉक्सिल गट पाणी धरतात, हे तूच परवा पेपरात लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतलेस. ते ज्ञान दुकानाच्या दारात सोडून आलास? आणि तू नांदेडचा! उस्मानशाही मिलच्या गावचा. एनएचएच-४४ हे कापसाचं संकरित वाण तुझ्या नांदेडच्या संशोधन केंद्राचं. तिथल्या पोरानं सूत ओळखू नये, याची मला चीड येते.

आता सगळेच ऐका. शंभर टक्के सुती टॉवेल घ्या. पाणी ओढतात ते त्यावरचे उभे फासे. बोटानं फासे बाजूला सारा. खालची वीण उघडी दिसली तर तो टॉवेल परत ठेवा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. सहाशेचा भरपूर पाणी ओढतो, पण पावसाळ्यात हॉस्टेलच्या दोरीवर वाळत नाही. तुम्हाला चारशेच्या आसपासचा बास. सोलापूर जवळ आहे, तिथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. नवा टॉवेल आधी धुवा. मऊपणासाठी लावलेलं रसायन निघाल्यावरच तो नीट टिपायला लागतो. धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो. एवढं जमत नसेल तर पंचा घ्या. पातळ असला तरी पाणी टिपतो आणि लवकर वाळतो.

पाण्याचं कारण मला सांगू नका. याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, म्हणून रोज धुवा असं मी म्हणतच नाही. दोरीवर पसरून उन्हात वाळवायला पाणी लागत नाही.

आणि तू आज डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून मनानं ट्यूब आणून लावू नकोस, स्टिरॉइडच्या मलमानं गजकर्ण चिघळतं. उद्यापासून प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. बस खाली.