उपकेंद्रावर रुजू होणाऱ्या भाचीला

पुणे,
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. माई,


काल दादाचा फोन आला. तुझी ऑर्डर सेलू तालुक्यातच निघाली हे ऐकून फार बरं वाटलं. ज्या गावांमध्ये मी एएनएम म्हणून उभी नोकरी काढली, तिथेच आता तू समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसणार. बाळंतपणं, लसीकरण, बीपी, शुगर हे सगळं तुला वरचे लोक शिकवतील आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये विचारतीलही. एका कामाबद्दल मात्र तितक्या जोरानं कोणी विचारणार नाही आणि बायाही ते आपणहून मागणार नाहीत. ते म्हणजे छातीची तपासणी. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

सरकारी कागदावर हे काम २०१६ पासून आहे. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची छाती दर पाच वर्षांनी प्रशिक्षित माणसानं हातानं तपासायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा अशी तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या बायका देशभरात ०.९ टक्के निघाल्या. म्हणजे शंभरात पुरती एकही नाही. आणि २०२२ या एका वर्षात आपल्या देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ९८ हजार बाया त्यानं गेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

तुला कोणीतरी नक्की म्हणेल, 'हा शहरातल्या बायकांचा आजार, आपल्याकडं कुठं?' हे अर्धंच खरं आहे. आपल्यापासून फार लांब नसलेल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते घरोघर फिरून रुग्ण नोंदवतात. त्या नोंदींत हा आजार मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसत आला आहे. त्याची कारणंही समजण्यासारखी आहेत. आपल्याकडच्या जुन्या बायांना पाळी उशिरा यायची, पहिलं मूल विशीत किंवा त्याआधीच व्हायचं, चार-पाच लेकरं व्हायची आणि प्रत्येकाला दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं जायचं. २००२ साली तीस देशांमधले ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बारा महिने अंगावर पाजलं की धोका सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी, असं निघालं. शहरात लग्न उशिरा, मूल तिशीनंतर, एकच किंवा नाहीच, पाळी लवकर सुरू, बसून काम, पन्नाशीनंतर वाढलेलं वजन. तिकडं आकडा मोठा असणारच.

पण आता सेलूतही दोन लेकरांवर थांबतात, आणि चांगलंच करतात. पोरींना पाळी लवकर येते, पाजणं लवकर तुटतं, चाळिशीत वजन वाढतं. तेव्हा आईच्या वेळचा हिशेब लेकीला लावू नको.

उरलेलं अर्धं मला जास्त जाळतं. गावात आजार कमी जणींना होतो, पण ज्यांना होतो त्या फार उशिरा येतात. देशातल्या अकरा नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ मधल्या रुग्ण बायकांचा पुढं मागोवा घेतला. आजार स्तनापुरताच असताना सापडलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात ८१ जणी हयात होत्या. आसपास, म्हणजे बहुतेक वेळा बगलेत उतरल्यावर सापडला त्यांच्यात ६५. हाडं, लिव्हर, फुप्फुसात गेल्यावर सापडला त्यांच्यात १८. आजार तोच, औषधं बहुतेक तीच. कधी सापडला, एवढ्यावर इतका फरक पडतो.

एक बाई माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तिचं नाव-गाव लिहीत नाही. मी घरभेटीला गेले होते, लसीकरणाच्या यादीसाठी. ती ओसरीवर बसली होती आणि जवळ गेल्यावर वास आला. विचारलं तर काही सांगेना. सासू पाणी आणायला आत गेली तशी तिनं पदर सारला. डाव्या छातीवर हळद भरलेलं फडकं, त्याखाली जखम. गाठ लागली होती त्या वर्षीच्या पेरणीला, अंघोळ करताना, सुपारीएवढी. 'दुखत नव्हती ओ सिस्टर,' ती म्हणाली. दुखत नव्हती म्हणून पेरणी झाली, खुरपणी झाली, मग कापूस फुटला आणि वेचणी सुरू झाली. वेचणीत रोज पडतो तो बुडवून कोण जाणार? नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती. तिला आम्ही पुढं नेलं, उपचारही झाले, पण दुसऱ्या वर्षीचा कापूस तिनं पाहिला नाही.

म्हणून बायांना पहिली गोष्ट ही सांग, आणि पुन्हा पुन्हा सांग, की कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखणाऱ्या छातीला घाबरून धावत येणाऱ्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो. न दुखणारी, टणक, हाताखाली न सरकणारी गाठ घेऊन मात्र बाया घरात बसून राहतात.

आता तू म्हणशील, आत्या, आपल्या उपकेंद्रावर मॅमोग्राफीचं मशीन कुठून आणू? आणू नको. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी १९९८ साली एक मोठा प्रयोग सुरू केला. झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी छाती तपासली गेली, अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या बाया. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये छापून आला. पुढच्या टप्प्यावर सापडणारे रुग्ण तपासणी न झालेल्या वस्त्यांमध्ये ४७ टक्के होते, तर तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये ३७ टक्के, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही तुला माहीत असू दे. म्हणजे तीस वर्षांवरच्या सगळ्यांना बोलावच, पण पन्नाशी ओलांडलेली एकही बाई सुटू देऊ नको. त्याच बाया नेमक्या सुटतात. त्यांची बाळंतपणं संपलेली असतात, लेकरांची लस संपलेली असते, दवाखान्यात यायला त्यांना निमित्तच उरत नाही.

'घरीच चाचपून पाहा' असं सांगून मोकळी होऊ नको. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांवर बायकांवर हा प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी नीट शिकवली, आणि तरी मृत्यू कमी झाले नाहीत. बाईला आपली छाती ओळखीची असावी, बदल लगेच कळावा, एवढ्यापुरतं ते चांगलं. पण तपासायचं काम तुझं आहे.

ते नीट करायचं तर आधी दाराची कडी बघ. माझ्या पहिल्या उपकेंद्राच्या तपासणीच्या खोलीला कडीच नव्हती. पडदा स्वतः शिवून लाव. खिडकीला कागद चिकटव. पुरुष कर्मचारी त्या वेळात बाहेर असू दे. बाईला आधी बसवून नुसतं बघ: हात खाली, मग वर, मग कमरेवर दाबून. एक छाती अचानक खाली-वर किंवा लहान-मोठी दिसते का, निपल नव्यानं आत ओढलंय का, कातडी कुठं खेचली गेलीये का किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालीये का. मग झोपव, त्या बाजूचा हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांच्या गाद्यांनी लहान लहान गोल फिरवत, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, गळ्याच्या हाडापासून छातीखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत जा. वरचा, बगलेकडचा भाग दोनदा बघ, कारण सगळ्यात जास्त कर्करोग तिथेच सापडतात. बगल आणि गळ्याच्या हाडावरची जागा विसरू नको. पाळी चालू असलेल्या बाईला पाळी आल्यापासून आठ-दहा दिवसांनी बोलाव, पाळीच्या तोंडावर तपासलंस तर सगळीच छाती गाठाळ लागते. एका बाजूला काही मिनिटं लागतात. तेवढी द्यायचीच. साडीवरून हात फिरवून रकाना भरणं ही तपासणी नव्हे.

वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला बायांना बोलावशील तर कोणी येणार नाही. आशाताईंना घेऊन संध्याकाळी बस. आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये छातीतली गाठ, निपलमधून रक्ताचा स्राव आणि आकारातला बदल हे तीन प्रश्न आहेत. आशाताईंनी ते बाईला एकटीला विचारावेत, सासू-नवऱ्यासमोर नाही. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच येतं.

पाजणाऱ्या पोरी गाठ दाखवतील तेव्हा 'दुधाची असेल' म्हणून सोडू नको. बहुतेक वेळा ती दुधाचीच असते. पण दोन आठवडे औषध घेऊनही गेली नाही, तर सोनोग्राफी हवीच. कोवळ्या वयात आणि अंगावर पाजताना मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

गाठ सापडली की तुझं तोंड बघूनच बाईचे हातपाय गळतील. तेव्हा खरं ते सांग. दहा गाठींमधल्या आठेक साध्या निघतात, पण कोणती साधी हे बोटांनी ठरत नाही. त्यासाठी फोटो आणि सुईनं काढलेला तुकडा, म्हणजे बायोप्सी, लागते. 'सुई टोचली की पसरतो' ही भीती गावात घट्ट बसलेली आहे. बायोप्सीनं आजार पसरत नाही. बायोप्सी न करता गाठ तशीच कापून काढली, तर मात्र पुढचे उपचार बिघडतात. आणि आजार निघालाच तरी लवकर सापडल्यावर पुष्कळदा स्तन काढावा लागत नाही, गाठ काढून रेडिएशनचा शेक देऊन भागतं, हेही सांग. काही बाया त्या एका भीतीपोटीच लपवतात.

रेफरची चिठ्ठी लिहिली म्हणजे काम झालं असं समजू नको. ती चिठ्ठी घेऊन बाई घरी जाते आणि देव्हाऱ्यामागे ठेवते. सेलू, परभणी, मग छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कर्करोग रुग्णालय, या प्रत्येक टप्प्यावर बाई गळते. तिच्या घरी जा आणि विचार, कधी जाणार, कोणासोबत, लेकरं कोणाकडे, म्हैस कोण बघणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. रेशन कार्ड, आधार आधीच तपासून घे, नावात फरक असला तर तिथेच अडतं. मुंबईला टाटाला जायचं ठरलं, तर कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण भाडं माफ आहे आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो. देवगिरी एक्स्प्रेस सेलूला थांबते. ही माहिती घरच्या पुरुषाला सांग, 'पैसा कुठून आणायचा' हा अडसर तिथेच सैल होतो.

धोक्याची कारणं बायांना सांगताना एक सांभाळ. ज्यांना मूल झालं नाही, ज्या पाजू शकल्या नाहीत, त्यांना आधीच घरात ऐकून घ्यावं लागतं. तुझ्या तोंडून त्यांना आणखी एक दोष मिळू नये. हा आजार होणाऱ्या बहुतेकींकडे बाई असणं आणि वय वाढणं यापलीकडे बोट दाखवण्यासारखं काही नसतं. झंपरात मोबाइल ठेवल्यानं, घट्ट ब्रा घातल्यानं, मार लागल्यानं, कोणाची नजर लागल्यानं कर्करोग होत नाही. रक्ताच्या नात्यातलं मात्र नीट विचार: आई, बहीण, मावशी, आत्या, आणि वडिलांकडचंही. शंभरात पाच-दहा जणींमध्ये तो घराण्यातून येतो आणि मग बहुधा तरुणपणी येतो. अशी बाई तिसाव्या वर्षाची वाट न बघता डॉक्टरकडे पाठव.

इथे आमच्या सोसायटीत पंचविशीच्या पोरी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये मॅमोग्राफी करून येतात. त्या वयात, घरात कोणाला नसताना, तिची गरज नसते. आणि त्याच पोरींच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या, जालना-परभणीकडून आलेल्या बायकांना पन्नाशी उलटली तरी कोणी हात लावून बघितलेलं नाही. शहरात राहिल्या म्हणून त्या काही शहरातल्या झाल्या नाहीत. त्यांना मी आता महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन जाते, एकेकीला.

आणि घरचं सांगते. वहिनींचं वय चोपन्न झालं. माझ्या माहितीत त्यांची तपासणी एकदाही झालेली नाही. मी सेलूला होते तेव्हा त्या 'वन्सं, मला काय धाड भरलीये' म्हणून टाळत राहिल्या. रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात त्यांना केंद्रावर बोलाव. लेकीकडून तपासून घ्यायला लाजल्या तर शेजारच्या केंद्रावरच्या सिस्टरकडून करून घे. तरीही ऐकलं नाही, तर मला फोन लाव. मी मिळेल त्या गाडीनं येते.

तुझी,
आत्या