‘स्यात्’ म्हणजे मोघम नव्हे

क्षमापनेच्या पत्रिकेसाठी काचमंदिराजवळच्या डिझायनर मुलीला म्हटलं, ‘काहीतरी छान कर गं, कळेलच तुला.’ पाच नमुन्यांना मी ‘हे नव्हे’ म्हणाले. शेवटी तिनं विचारलं, ‘काकू, नेमकं काय नव्हे?’ मला सांगता येईना.

‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘या एका दृष्टीनं’. आपण कुठे उभं राहून बोलतोय, ते आधी सांगायचं. मी सांगितलंच नव्हतं. विचार करायचा माझा आळस तिच्या जागरणावर ढकलला होता.

भाषासमिती साधूंना हितकर, मोजकं, असंदिग्ध बोलायला सांगते. गोड बोललं की आपल्याला वाटतं, झालं पाळून. पण मोघम बोलणंही दुसऱ्याला शिणवतं, तीही हिंसाच.

पत्रिकेवरचं ‘मिच्छामि दुक्कडम्’ आधी तिलाच म्हटलं. पाचही नमुन्यांचे पैसे दिले.