कुणाचा रं तू?

विट्याच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच येतो. आमच्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं आटवायच्या धंद्यात. कुणी केरळात, कुणी पंजाबात, वीस-वीस वर्षं मुशीपुढं बसलेली. दिवाळीला नाहीतर जत्रेला गावी आलं की पारावरचा म्हातारा डोळे बारीक करून विचारतो, "कुणाचा रं तू?" नाव सांगून भागत नाही. बापाचं सांगावं लागतं, वाडी सांगावी लागते, कधी आईचं माहेरही. मग "आरं, तू व्हय!" म्हणत म्हातारा सरकून जागा देतो. सोनं आटवणाऱ्यांचं गाव, माणसाचा कस लावणारच.

बरीच वर्षं मला हा प्रश्न निव्वळ आपुलकीचा वाटायचा. शाहू महाराजांच्या सुटकेबद्दल वाचलं तेव्हा त्याची दुसरी धार कळली. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या कैदेत गेले. सुटले ते १७०७ च्या मे महिन्यात, पंचविशीत. पोर गेलं आणि बाप्या परत आला. औरंगजेबाच्या मुलानं त्यांना सोडलं ते दया येऊन नव्हे. मराठ्यांत दुफळी माजावी हा हिशेब होता. तो चुकलाही नाही. तेव्हा राज्य सांभाळणाऱ्या त्यांच्या चुलती ताराबाईंनी हा तोतया आहे असं म्हटलं आणि सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली, असं बखरी सांगतात. दुसरीकडे परसोजी भोसले शाहूंना येऊन मिळाले आणि लोकांचा संशय फिटावा म्हणून त्यांच्यासोबत एका ताटात जेवले, असंही सांगतात. भात दोन्हीकडे होता. एकीकडे त्यानं दार बंद केलं, दुसरीकडे उघडलं. शत्रूनं सोडलं म्हणजे माणूस घरी पोचला असं नाही, हे मला त्या ताटापाशी उमगलं. खेडच्या लढाईत ताराबाईंच्या बाजूचे धनाजी जाधव शाहूंकडे आले आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. येसूबाईंना मात्र यायला १७१९ उजाडलं. तीस वर्षं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना एका ओळीत गुंडाळलंय, याचा मला राग येतो.

पानिपतानंतर हाच प्रश्न उलटा झाला. सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत, त्यांचा तोतया आला. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र मरेपर्यंत वैधव्य मानलं नाही. म्हणजे ओळख पटवायला घर तयार होतं, माणूसच नव्हता.

पहिल्या महायुद्धात प्रश्न ताटावरून ताटातल्या घासावर आला. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथं तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस पुढं आलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी कित्येक शिपायांनी तोंड फिरवलं. गावाला कळलं तर लेकीशी लग्न कोण करील, ही धास्ती. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. कैद तेव्हा सुरू झाली, पण पारावरचा म्हातारा त्याआधीच त्यांच्या पंगतीत येऊन बसला होता.

बेचाळीसच्या चळवळीनं मात्र हे चित्र पालटलं. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं आणि जिल्हा प्रतिसरकारचा. युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झालेली माणसं सुटून आली ती हार घालून घ्यायला. तुरुंग ही प्रतिष्ठा झाली. तिचीही तपासणी आलीच. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली. तिच्यासाठी साधारण सहा महिन्यांच्या कैदेचा पुरावा लागे, आणि तुरुंगाची नोंद सापडली नाही तर सहबंद्याचा दाखला चाले. हा माझ्याबरोबर आत होता, एवढं लिहून खाली सही. मला तो दाखला परसोजींच्या ताटाचा नातू वाटतो. फरक इतकाच की आता ग्वाही भाऊबंदांनी द्यायची नाही, बराकीतल्या सोबत्यानं द्यायची. मला हे जास्त न्याय्य वाटतं. कैद ज्यानं पाहिली, त्यानंच बोलावं.

१९४९ च्या जिनिव्हा करारानं तर शत्रूपुरता प्रश्न आखूनच दिला. युद्धकैद्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक सांगावा. त्यापुढं सांगायला तो बांधील नाही. लढाई थांबली की त्याला विनाविलंब मायदेशी पाठवावं, हेही त्यातच आहे. मायदेशानं त्याला काय विचारावं, हे मात्र करारात नाही. ते आपल्यावर आहे, आणि आपण बरंच विचारतो: पकडला कसा गेलास, काय बोललास, तिकडं खायला काय मिळायचं. टीव्हीवाले तर दारातच विचारतात.

सप्टेंबर २०१६ मध्ये धुळे जिल्ह्यातला एक जवान नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा सीमेवरून परत आला. मग सैन्यानं त्याची चौकशी केली, लष्करी न्यायालयात शिक्षाही झाली. तो पकडला गेल्याची बातमी ऐकताच, त्याला लहानाचा मोठा करणारी आजी हृदयविकाराच्या झटक्यानं गेली होती. तिच्या अस्थी घरच्यांनी ठेवून दिल्या होत्या. त्या त्यानं परत आल्यावर गोदावरीत सोडल्या.