ज्ञानार्थ हिंसा

जीवशास्त्र म्हणजे जीवांचें शास्त्र. परंतु आमच्या महाविद्यालयांतून त्याचा प्रात्यक्षिक पाठ कित्येक पिढ्या एका जीवाच्या मृत्यूपासून सुरू होत असे. क्लोरोफॉर्मच्या बरणींत बेशुद्ध केलेला बेडूक मेणाच्या तबकांत टाचण्यांनीं उताणा खिळावयाचा, कात्रीनें पोटाची कातडी उभी चिरावयाची आणि आंत अद्याप धडधडणारें तीन कप्प्यांचें हृदय पाहून तें वहींत काढावयाचें, असा तो पाठ. चित्राला गुण मिळत. बेडकाचें पुढें काय झालें हें कोणी विचारीत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ मध्यें हा प्रकार टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं आणि २०१४ मध्यें पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदनास बंदी केली. आतां तबकाच्या जागीं संगणकाचा पडदा व प्लास्टिकची प्रतिकृति आली आहे.

प्रश्न मिटला, असें पुष्कळांना वाटतें. आम्हांस तो आतां कोठें नीट मांडतां येण्याजोगा झाला आहे, असें वाटतें.

ज्यानें बेडूक कापला नाहीं त्याचा हात उद्यां रोग्यावर कसा चालेल, हा जुन्या अध्यापकांचा आक्षेप. त्यांत फारसें बळ नाहीं. प्राणिशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी शस्त्रवैद्य होत नाहींत, आणि जे होतात ते माणसाच्या शरीरावरच शिकतात. पण त्यांच्या दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य आहे. प्रतिकृतींतील यकृत नेहमीं त्याच आकाराचें व त्याच रंगाचें असतें. खऱ्या प्राण्यांत तें तसें असत नाहीं. सृष्टि पुस्तकाबरहुकूम वागत नाहीं, हा धडा प्लास्टिक देऊं शकत नाहीं.

मग ज्ञानासाठीं जीव घ्यावा कीं घेऊं नये? येथें ज्ञान हा शब्द आपण फार सैल वापरतों. हार्वेनें १६२८ मध्यें रक्त शरीरांत फिरतें हें सिद्ध केलें. परंतु रोहिणींतलें रक्त नीलेंत जातें कोणत्या वाटेनें, हें त्यास दाखवितां आलें नाहीं. १६६१ मध्यें मालपीगीनें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाचें फुप्फुस ठेविलें आणि त्यास केशवाहिन्या दिसल्या. त्या बेडकाच्या मरणानें माणसास जें मिळालें, तें त्या दिवसापूर्वीं पृथ्वीवर कोणापाशींही नव्हतें. तीनशें वर्षांनीं, १९६२ मध्यें, गर्डननें बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक काढून, ज्याचें स्वतःचें केंद्रक नष्ट केलें आहे अशा अंड्यांत घातलें. त्यांतून नवा जीव वाढला. एकदां आंतड्याची झालेली पेशीहि संपूर्ण प्राण्याचा आराखडा विसरलेली नसते, हें त्यावरून कळलें. आजच्या मूलपेशींच्या संशोधनाचा पाया त्यांत आहे, आणि त्याबद्दल गर्डनला २०१२ चें नोबेल पारितोषिक यामानाका यांच्यासह मिळालें.

याच्या शेजारीं वर्गांतला बेडूक ठेवून पाहावा. तेथें जें दिसणार तें आधींच पुस्तकांत छापलेलें असे. तो शोध नव्हे, ती उजळणी. आणि उजळणीसाठीं जीव घेण्याचा अधिकार आम्हांस कोणत्याही नीतिशास्त्रांत सांपडत नाहीं. शोधासाठींहि मोकळीक नाहींच. रसेल व बर्च यांनीं १९५९ मध्यें घालून दिलेला दंडक असा कीं, जमेल तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन घ्यावें, न जमेल तेथें प्राणी कमींत कमी घ्यावेत, व त्यांस वेदना कमींत कमी द्याव्यात. इंग्रजी अहवालांतून अशा प्राण्याचा 'बळी दिला' असें लिहितात. बळी देणारा आणि फळ घेणारा एकच, ही गोष्ट त्या शब्दाआड बेमालूम झांकून जाते!

म्हणून बंदी योग्यच झाली. परंतु न मारणें आणि दया करणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या गारगोटीचीच गोष्ट घ्या. खेड्यांतलें शिक्षण खेड्याच्या जीवनाशीं जोडलें जावें, या हेतूनें डॉ. जे. पी. नाईक यांनीं १९५२ मध्यें येथें श्री मौनी विद्यापीठ स्थापिलें. वेदगंगेच्या कांठीं पहिला दमदार पाऊस पडला म्हणजे मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवितात आणि रात्रभर डबकीं दणाणून सोडतात. पडद्यावर बेडकाच्या साऱ्या धमन्या बिनचूक दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास हा आवाज कोणाचा, हें सांगतां येत नाहीं.

पूर्वीं येत होतें असें मात्र कोणीं समजूं नये. येथून दक्षिणेस आंबोलीच्या सड्यांवर वाघासारख्या पट्ट्यांचा एक लहानसा भेक राहतो. पावसाच्या उथळ डबक्यांत तो अंडीं घालतो. ही जात स्वतंत्र आहे हें डॉ. एस. डी. बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ मध्यें जगास सांगितलें, आणि आज ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. आसपासच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं बेडूक कापले जात होते, त्याच काळांत हा प्राणी निनांवी राहून रस्त्यावर चाकांखालीं चिरडत होता. आमच्या कात्रीनें त्याचें कांहीं बिघडविलें नाहीं, आणि कात्री खालीं ठेवल्यानें त्याचें कांहीं भलेंहि झालें नाहीं. जगांतील उभयचरांच्या सुमारें ४१ टक्के जाती संकटांत आहेत, असें २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीनें दाखविलें. त्यांचा नाश चाललेला आहे तो प्रयोगशाळेंत नव्हे. बुजविलेल्या डबक्यांत, तोडलेल्या रानांत, रोगराईंत आणि बदलत्या हवामानांत.

विच्छेदनाचे जे तास मोकळे झाले, ते पडद्यापुढें न घालवितां डबक्यापाशीं घालवावे, असें आमचें म्हणणें आहे. विद्यार्थ्यानें वहींत लिहावें कीं पहिली हांक कोणत्या तारखेस ऐकूं आली, अंडीं कोठें दिसलीं, पिलांचीं शेपटें गळण्यापूर्वीं पाणी आटलें काय, सकाळीं रस्त्यावर किती मेलेले आढळले. अशा वहीला गुण कसे द्यावयाचे, असें परीक्षक विचारतात. हृदयाच्या चित्राला दिले तसेच द्यावे. एक पान भरण्यासाठीं आठ रात्री भिजावें लागतें, एवढें मात्र त्यांनीं ध्यानीं ठेवावें.