खांद्याचा टाका आणि गीतेतला फलत्याग

विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा रोह्याचा. गीतेसाठी आयुष्य वेचलेल्या या दोघांच्या मुलखात तरी फलत्यागाचा अर्थ नीट लागायला हवा. फळावर अधिकार नाही, म्हणजे फळाची जबाबदारीही नाही, असा सोयीचा अर्थ सर्रास काढला जातो. वारंवार निखळणाऱ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेत तो टिकत नाही. चढाईला गेलेल्या कबड्डीपटूचा हात पकडीत मागे पिरगळला की खांदा पुढे निखळतो आणि खोबणीच्या कडेचे लॅब्रम, म्हणजे कूर्चेसारखी किनार, हाडापासून सुटते. सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वर्णिलेली ही इजा आज दुर्बिणीतून दुरुस्त करतात. हाडात अँकर रोवून ती कड धाग्याने पुन्हा बसवतात. टाका साधा की मॅट्रेस, गाठीचा की बिनगाठीचा, हे सर्जन ठरवतो. गाठ सांध्याकडे राहिली तर कूर्चेवर घासू शकते. बिनगाठीच्या अँकरमध्ये ती भीती नसते, पण धाग्याचा ताण अँकर बसवतानाच अचूक जमावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही पद्धतींचे निकाल साधारण सारखेच येतात, मग हात बसलेला टाकाच का घालू नये? जरूर घालावा, हाताची सफाई हाही पुरावाच आहे. सुश्रुताने टाक्यांचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि असे चार प्रकार सांगितले, तेही जागा पाहून योजायला. मात्र खोबणीचे हाडच बरेच झिजले असेल, तर कोणताही टाका पुरत नाही. तिथे हाडाचा तुकडा बसवणारी लातार्जेसारखी शस्त्रक्रिया लागते. तरीही सवयीचाच टाका घालणे ही आसक्ती आहे, आणि तिचे फळ रुग्ण भोगतो. सोडायचे ते आपल्या पद्धतीचे प्रेम आणि यशाचे श्रेय. रुग्णाचा खांदा सर्जनने त्यागायची वस्तूच नव्हे, ते फळ त्याचे कधी नव्हतेच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: सगळे योग्य केले तरी काही खांदे पुन्हा निखळतात, विशेषतः अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या तरुणांचे, मग दैव मानायचे नाही का? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. आधीच्या चारांचा हिशेब पुरा होईपर्यंत पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार सर्जनला नाही. हाड किती झिजले आहे, मुलाला पुन्हा मैदानात उतरायचे आहे का, हे टेबलावर घेण्याआधीच पाहावे लागते आणि धोका त्याला, त्याच्या आईवडिलांना मराठीत समजावून सांगावा लागतो.