तीन पावलांचा अधिकार

यज्ञ करण्याचा अधिकार कुणाला, या प्रश्नावर जैमिनींनी मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय खर्ची घातला आहे. त्यात अंगहीनाचाही विचार येतो. दर्शपूर्णमास यागात यजमानाने तुपात पाहायचे असते, विष्णुक्रमाची तीन पावले टाकायची असतात. आंधळा पाहणार कसा, पांगळा चालणार कसा? निवाडा असा: व्यंग बरे होण्याजोगे असेल तर अधिकार आहे, कायमचे असेल तर नाही. तर्क बिनतोड आहे. मला खुपते ते त्याच्या आधीचे: विधी सांगताना शरीर कुणाचे गृहीत धरले होते?

आमच्या पंचवटीत नाशिकरोडचे एक यजमान वडिलांच्या श्राद्धाला येतात. तोफखान्यातले निवृत्त हवालदार, डावा पाय गुडघ्याखाली नाही. पितृकर्मात टेकायचा तो नेमका डावा गुडघा. "गुरुजी, पाय काढू का ठेवू?" म्हटले, काढा. त्यांनी धोतर वर घेतले, पट्टे सोडले. पायात बूट होता, म्हणून लोक चपला काढतात तसा तो पाय उंबऱ्याबाहेर ठेवावा लागला. मग गुडघा टेकून त्यांनी तिलोदक दिले. कुणीतरी हळहळून प्रारब्ध काढले, तर म्हणाले, "सुरुंग कुणीतरी पेरला होता हो."

होकाटो सेमांची गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. सेमाही सैन्यातले, नागालँडचे. २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गेला. २०१६ मध्ये पुण्यात त्यांनी गोळाफेक हाती घेतली आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर फेक करून कांस्यपदक मिळवले. त्यांचा गट एफ ५७. फेकायचे बसून. आसन जमिनीला जखडलेले, उंची ७५ सेंटिमीटरच्या आत. गोळा हातातून सुटण्याआधी बूड आसनावरून उचलले की फेक बाद.

इथे माझ्यातला मीमांसक जागा होतो. नित्य कर्म यथाशक्ती केले तरी चालते, एखादे अंग, म्हणजे विधीचा एखादा भाग, राहिले तरी खपते. काम्य कर्माला ती सूट नाही. फळ हवे असेल त्याने सगळी अंगे पुरी करायची. श्राद्धात सूट होती, पण पदकाची इच्छा म्हणजे उघड काम्य. तिथे 'जमेल तेवढे करा' म्हणणे हा सेमांचा अपमान झाला असता. क्रीडावाल्यांनी त्यांना दारातून परत पाठवले नाही की सूटही दिली नाही. बसलेल्या माणसासाठी त्यांनी वेगळा विधी रचला, त्याची अंगे ठरवली आणि ती तितक्याच कडकपणे मागितली. लोक याला दया समजतात. ज्याची फेक बाद झाली आहे त्याला विचारा.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर याच वाटेवरचे ज्येष्ठ. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी जिंकले. पाण्याने त्यांच्याकडे पावले मागितलीच नाहीत.

पाठशाळेतल्या मुलांना मी हल्ली विचारतो, बसल्या यजमानाचे विष्णुक्रम कसे सांगाल? एकजण म्हणाला, प्रतिनिधी चालवावा. दुसऱ्याने तिथेच अडवले: यजमानाला प्रतिनिधी चालत नाही, हेही सहाव्याच अध्यायात आहे. हरकत बिनचूक होती. दोघांना सांगितले, मग यजमानाने स्वतःच करायचे, पण काय करायचे ते तुम्ही लिहून आणा.